एक जूनच्या चौकोनात

"तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बोटांनी सांगा, मानेनं सांगा, पण ओठ मिटलेले. कळलं का?"

"व्हय बाई!" सगळा वर्ग एका दमात ओरडला.

"झालं. इथंच हरलात."

मुलं खुदखुदली आणि मला जरा धीर आला. बोरजाईवाडीच्या शाळेतला तो माझा पहिला दिवस. साल अठ्ठ्याण्णव, माझं वय चोवीस, गाव मिरज, आणि पिशवीत तालुक्याच्या प्रशिक्षणात मिळालेली 'ओळखीचे खेळ' नावाची पुस्तिका. शाळा सुरू होताना मुलांची भीड चेपायला हे खेळ घ्यायचे, असं आमच्याकडून तीन दिवस घोकून घेतलं होतं. त्यातला वाढदिवसाच्या रांगेचा खेळ मला सगळ्यात आवडला होता. जमिनीवर खडूनं बारा महिन्यांचे बारा चौकोन आखायचे, ज्यानं त्यानं आपल्या महिन्यात जाऊन उभं राहायचं आणि मग चौकोनातल्या चौकोनात तारखेप्रमाणे पुढंमागं व्हायचं. सगळं न बोलता. पाच मिनिटांत मुलं एकमेकांची होतात, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

मी शिट्टी वाजवली. सातवीची एकतीस मुलं व्हरांड्यात पांगली. माझा वाढदिवस नऊ ऑगस्टचा, म्हणून मीही ऑगस्टात जाऊन उभी राहिले. तिथं मी एकटीच. मान वर करून बघते तर जूनच्या चौकोनात जत्रा भरलेली. मुलं मावत नव्हती. कुणाचा एक पाय मे महिन्यात, कुणाचा जुलैत. मी मोजली. एकोणीस.

तारीख कोणती, असं मी हातानंच विचारलं. एकोणीस हात वर गेले. प्रत्येकाचं एकच बोट.

मी दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा तेच, एक बोट.

नव्या बाईची पहिल्या दिवशी फिरकी घेतात हे मी ऐकून होते, पण इतकी जय्यत तयारी करून घेतात हे कुणी सांगितलं नव्हतं. माझा पारा चढला. न बोलण्याचा नियम मीच मोडला.

"तुम्ही सगळे एक जूनला जन्मलात?"

"व्हय बाई."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"व्हय बाई. सहावीत बी हायती. चौथीत तर समदीच."

मुलांच्या चेहऱ्यांवर चेष्टेची रेषही नव्हती. उलट तीच माझ्याकडं काळजीनं बघत होती, बाईंना काय झालं म्हणून. तेवढ्यात टोकाला, डिसेंबरच्या चौकोनात काहीतरी हिसकाहिसकी सुरू झाली. तिथं एक मुलगी एकटी उभी होती. वर्गात सगळ्यांहून उंच, वेणी करकचून बांधलेली, दोन्ही पाय चौकोनात घट्ट रोवलेले. एक बुटका मुलगा तिला हाताला धरून जूनकडं ओढत होता.

"चल की गं! तुजी बी एक जून हाय. आपन जुळं न्हाई का!"

"म्या न्हाई येत. माजा हितंच."

"काय चाललंय?" मी विचारलं.

मुलगा म्हणाला, "बाई, मी बिरू मेटकरी. ही बायडा, माजी भन. आमी जुळं हावोत."

मी दोघांकडं पाहिलं. बिरू तिच्या खांद्याला जेमतेम लागत होता. जुळ्यांमध्ये कमी-जास्त असतं हे खरं, पण एक जून महिन्यात आणि दुसरं डिसेंबरात? माझं डोकं पार गरगरलं.

"बायडा, तुझा वाढदिवस नक्की कधी?"

तिनं मला नीट न्याहाळलं, दुकानात नाणं घेताना बघतात तसं. मग हळू आवाजात विचारलं, "खरा का वहीतला, बाई?"

आज इतक्या वर्षांनीही तो प्रश्न मला तसाच्या तसा ऐकू येतो. तेव्हा मात्र मला तो अगदी सोपा वाटला होता.

"खराच! खोटा कशाला?" मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "मग खंडोबाच्या सटीचा," ती म्हणाली. "मंगसरातली सट. डिसेंबरातच येती. आई म्हंती, तू जल्मलीस तवा गावात ढोल वाजत हुतं."

मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांकडं गेले. ऐवळे गुरुजी एकोणीस वर्षं त्या शाळेत होते. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. चार शिक्षकांची शाळा, त्यातला एक कायम बदलीच्या खटपटीत, त्यामुळं सगळा कारभार गुरुजींच्याच खांद्यावर. मी जूनची जत्रा सांगितली तसे ते हसले, आणि खिडकीबाहेर पान थुंकून आले.

"त्यात काय नवल, वाटवे बाई? पहिलीला घालताना वय लागतं. आई-बापाला विचारलं, कधी झालं, तर सांगणार, सुगीत झालं. कुठल्या सुगीत? तर तांबडी म्हैस व्याली त्या. आता म्हशीची तारीख मी कुठं शोधू? शाळा जूनला सुरू. मग एक जून लिहायची आणि वर्षाचा अंदाज करायचा. हिशेबाला सोपं."

"पण गुरुजी, ते खोटं आहे."

"खोटं नाही हो. वहीतलं आहे."

"आणि ते मेटकरी? ते खरंच जुळे आहेत?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जुळेच समजा," म्हणाले. "आणि हे खोदत बसू नका. पुस्तकं वाटायचीत, ती वाटा. मी उद्यापासून आठ दिवस मतदारयाद्यांच्या कामाला तालुक्याला आहे."

त्यांनी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. आणि मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. दोन्ही राहिलं.

शाळा सुटताना बायडाची आई, केराबाई, दाराशी आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं भिंत धरलेली.

"बाई, वसतिगृहाचा फारम गेला का?"

मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनंच सांगितलं. तालुक्याला मुलींचं वसतिगृह उघडलं होतं, सातवीपासून पुढं, राहणं-जेवण फुकट, शाळा शेजारीच. आमच्या गावच्या वाट्याला एक जागा आली होती. गुरुजींनी बायडाचा अर्ज भरला होता, आता साहेब येऊन मुलगी बघून सही करणार होते.

"दसरा झाला की मालक मेंढरं घिऊन खाली कोकनात जात्यात," केराबाई म्हणाली. "दरसाल मी जायाची. औंदा माजी कंबर धरलीया. तर म्हनत्यात, पोरगीला न्हेतो, भाकरी थापाय. एकदा का पोरगी मेंढरामागं गेली बाई, का ती शाळंत माघारी येत न्हाई. थोरलीचं तसंच झालं. तितनंच लगीन लावलं. पर सरकारनं न्हेली म्हनलं की मालकाचं त्वांड बंद. तेवडं बगा."

"नक्की बघते," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी गेले आणि मी कामाला लागले. कामाला म्हणजे काय, खोदायला. लहानपणापासून दर नऊ ऑगस्टला आमच्या घरी औक्षण व्हायचं, श्रीखंड असायचं, आजीच्या हातात तबक. वाढदिवस सगळ्यांनाच असतो, नाकासारखा, असं मी धरून चालले होते. एकोणीस मुलांना तो नाही, त्यांच्या नावावर सरकारी ठोकळा आहे, ही गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. मी ठरवलं, ह्यांना त्यांचे वाढदिवस परत मिळवून द्यायचे. चोविसाव्या वर्षी माणसाला काहीही परत मिळवून द्यावंसं वाटतं.

"घरी जाऊन विचारा," मी मुलांना सांगितलं. "तुम्ही कधी झालात? कुठं झालात? काय चाललं होतं तेव्हा?"

मुलं जे घेऊन आली त्यानं माझा गोंधळ दुपटीनं वाढला.

"बाई, आई शेंगा काढाय गेलती, तितंच झालो. वार शुक्कुरवार."

"कुठला शुक्रवार?"

"शेंगांचा."

दुसरा म्हणाला, "ज्या साली गावात पयली यष्टी आली, त्या सालच्या बेंदराच्या दुसऱ्या दिशी. यष्टी बगाय समदी गेलती, घरात कुनीच नव्हतं. मी आपला झालो."

एकीची आई आणि आजी यांच्यात त्यावरून भांडण पेटलं आणि दोघी शाळेत येऊन माझ्यासमोर भांडल्या. एक म्हणे पौर्णिमा, दुसरी म्हणे अवस. मी ऐवळे गुरुजींच्या कपाटातली सुतळीनं बांधलेली जुनी पंचांगं काढली. रोज शाळा सुटल्यावर मुलं माझ्याभोवती कोंडाळं करून बसायची आणि आम्ही बैलांचा बेंदूर, शेंगा, एसटी आणि शुक्रवार यांची मोट बांधत बसायचो. पुस्तिकेत पाच मिनिटं लिहिली होती, आम्हाला पाच दिवस लागले. पण खरं सांगते, मुलं एकमेकांची आणि माझी कधी झाली ते कळलंही नाही.

मोठ्या कागदावर लाल शाईनं मी तक्ता केला. वर मथळा: 'आमचे खरे वाढदिवस'. नाव, तारीख, वर्ष आणि शेवटी घरच्यांनी सांगितलेली खूण.

बायडाची सट म्हणजे चंपाषष्ठी, ती दर पंचांगात सापडत होती. पण वर्षाचा रकाना आला तशी ती अडली.

"वरीस नगं लिवाया, बाई."

"का?"

"उगं. सट हाय की. तेवडी बास."

"अर्धं खरं म्हणजे खोटंच की गं," मी म्हणाले. किती टाळ्या घेण्यासारखं वाक्य! मला ते इतकं आवडलं की मी ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं.

बायडा खाली बघत राहिली. बिरूला मात्र उत्साहाचं भरतं आलेलं. "बाई, ही माज्या अदुगर तीन दिवाळ्या. आईच म्हंती. मी शाळंत येताना लई रडायचो, म्हनून हिला बी माज्यासंगं धाडली. गुरजींनी दोगांचं नाव एकाच दिशी घातलं."

म्हणजे जुळे नव्हतेच. तीन दिवाळ्या मोठी बहीण, धाकट्याला सांभाळायला म्हणून शाळेत आली आणि वहीत त्याच्याबरोबरीची झाली. एवढंच होतं तर! मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. मी पंचांगं चाळली, बोटं मोजली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: बायडा मेटकरी, २१ डिसेंबर १९८२. तिनं तो आकडा बोट फिरवून दोनदा वाचला. हसली, पण पुरतं हसली नाही. तिला हवाही होता आणि नकोही होता, असं काहीसं. मला त्याचा अर्थ लागला नाही.

आठव्या दिवशी सकाळी जीप आली. पुढच्या सीटवर विस्तार अधिकारी सरवदे साहेब, मागं ऐवळे गुरुजी. साहेब इकडंच यायला निघाले होते, त्यांनी गुरुजींना वाटेत गाडीत घेतलं होतं. साहेब पन्नाशीचे, सफारी घातलेले, तोंडावर कसलाही भाव नसलेले. हातात वसतिगृहाची फाईल.

वर्गात शिरताच गुरुजींचं लक्ष भिंतीवर गेलं. मी कौतुकाच्या अपेक्षेनं त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. ते माझ्याजवळ सरकले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "बाई, हे काय करून ठेवलंत? वसतिगृहाला अट आहे. एक जूनला तेरा. एक दिवस जास्त चालत नाही."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. वहीत बायडा एक जून पंच्याऐंशीची. एक जूनला बरोबर तेरा, एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. आणि भिंतीवर, माझ्या अक्षरात, लाल शाईत, ती साडेपंधरा वर्षांची होती.

साहेब तक्त्यासमोर उभे राहिले. पाठीमागं हात बांधून एकेक नाव वाचत खाली आले. मधेच म्हणाले, "एसटी आली त्या साली. बरं." मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. मेटकरींपाशी थांबले. फाईल उघडली, अर्ज बघितला, पुन्हा भिंत बघितली.

"ह्यात बायडा मेटकरी कोण?"

ती उभी राहिली. उभी राहिल्यावर तिची उंची जरा जास्तच दिसली.

"बाई, अर्जात एक तारीख, भिंतीवर दुसरी. गुरुजी, सही तुमची आहे ना ह्यावर? कुठली खरी?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. त्यांच्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते आणि त्यांनी हातानं लिहिलेल्या वीस तारखा माझ्या तक्त्यानं एका भिंतीवर खोट्या ठरवल्या होत्या. दाराच्या चौकटीत केराबाई येऊन उभी होती. साहेब येणार हे तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. तिला तक्ता वाचता येत नव्हता, पण आमचे चेहरे वाचता येत होते.

"बाई, तुम्हाला विचारतोय मी. ही तारीख कुठून आणलीत?"

खरं सांगावं तर मुलगी मेंढरांमागं जाते आणि गुरुजींची नोकरी गोत्यात येते. खोटं सांगावं तर माझ्या पाठीमागं फळ्यावर माझाच सुविचार होता. मला त्या वेळी खरोखरच समजत नव्हतं, की ह्या खोलीत खोटं कोण बोललंय आणि कधी. मी नुसतं "ते म्हणजे... खेळ..." असं काहीतरी चाचरले.

"साहेब," बायडा म्हणाली. "त्ये म्या खोटं सांगितलं."

सगळ्या वर्गानं मान वळवली.

"बाईंनी इचारलं कवा झालीस. म्या म्हनलं सटीला. त्येंना काय म्हाईत. त्यांनी लिवलं."

"आणि खोटं कशाला सांगितलंस?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं बघून म्हणाली, "सटीला ढोल असत्यात साहेब. भंडारा उधळत्यात. समदं गाव नटतंय. मला वाटलं, आपला बी त्या दिशी असावा."

"आणि खरा?"

"एक जून."

ते दोन शब्द तिनं अगदी स्पष्ट उच्चारले. चौकोनात दोन्ही पाय रोवून उभी राहिलेली तीच मुलगी होती ही.

साहेब बिरूकडं वळले. "तू भाऊ? तुझीही एक जूनच दिसतेय. म्हणजे जुळे?"

"व्हय साहेब. ही अदुगर, मी मागनं."

"किती मागनं?"

बिरूनं बहिणीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. "लई येळानं," तो म्हणाला.

वर्ग फिसकन हसला. साहेबांच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. त्यांनी फाईल मिटली.

"बाई, मुलं खोटं सांगतात आणि तुम्ही चौकशी न करता भिंतीवर लावता. आधी तो कागद उतरवा. आणि हिला शिक्षा करा. माझ्यासमोर."

"शिक्षा?"

"खोटं बोलली ना ती? मग?"

मी तिच्या हातात खडू दिला. "फळ्यावर वीस वेळा लिही," मी म्हणाले. काय लिहायचं ते माझ्या तोंडून निघेना. साहेबांनीच सांगितलं.

आधी तिनं फडक्यानं माझा सुविचार पुसला. मग लिहायला लागली. 'मी खोटे बोलणार नाही.' अक्षर सरळ, टपोरं. दुसऱ्या ओळीला साहेबांनी पेन काढलं. चौथ्या ओळीला अर्जावर सही केली. मी तोवर तक्ता उतरवला होता आणि गुंडाळी हातात धरून वेड्यासारखी उभी होते.

जीपपर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. गुरुजी मागंच राहिले होते. साहेबांनी दार उघडलं आणि आत बसता बसता म्हणाले, "बाई, कागद चांगला केला होता. फक्त भिंतीवर लावायचा नसतो."

तक्त्याची गुंडाळी अजून माझ्या हातातच होती.

"आमची आई सांगायची, तू झालास तेव्हा विहिरीला पाणी लागलं. कुठल्या साली ते तिला कधीच सांगता आलं नाही." त्यांनी दार ओढून घेतलं. "नोकरीच्या कागदावर माझीही एक जूनच आहे."

धुरळा उडवत जीप गेली. मी वर्गात परत आले तेव्हा बायडा अजून लिहितच होती.

"पुरे गं. गेले साहेब."

"अकराच झाल्यात बाई. लिवते की. फळ्यावर लिवाया कवा मिळतंय?"

तिनं वीसच्या वीस ओळी पूर्ण केल्या. शेवटची ओळ फळ्याच्या अगदी तळाशी, वाकून लिहिली.

दोन दिवसांनी ती तालुक्याला निघाली. पत्र्याची पेटी, एक वळकटी, केराबाईनं बांधून दिलेली भाकरी. बाप आला नव्हता, पण त्यानं अडवलंही नव्हतं. सरकारनं नेली, म्हटल्यावर त्याचं तोंड खरंच बंद झालं होतं. एसटी यायला वेळ होता. सगळे जरा बाजूला गेले तशी ती माझ्याजवळ आली.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"म्या खोटं बोलले का?"

"हो" म्हणावं तर कधीचं, सटीचं की एक जूनचं? "नाही" म्हणावं तर फळा अजून पुसलेला नव्हता. मी घड्याळात बघितलं, एसटी आली नव्हती तरी "गाडी आली वाटतं" म्हणाले आणि तिची पेटी उचलली. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

बायडा पुढं परिचारिका झाली. डोंगरापलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात आहे. दिवाळीला तिचा फोन येतो, बिरूचाही येतो. एक जूनला तर त्या वर्गातल्या मुलांमुळं माझा फोन सकाळपासून खणखणत असतो. मी त्यांना शुभेच्छा देते, ते मला देतात, आणि आम्ही सगळे हसतो. त्या दिवशी बायडा मात्र कधी फोन करत नाही. मीही करत नाही. तिला मी सटीला करते. 'येळकोट येळकोट' म्हणते आणि ठेवते. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

म्हणून गेल्या वर्षी एक जूनला सकाळी सातला तिचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी दचकलेच.

"बाई, झोपमोड केली का? जरा अडचण आहे."

"काय झालं गं?"

"आत्ता सहा वाजून बारा मिनिटांनी एक बाळंतीण मोकळी झाली. मुलगी आहे. तीन किलो, खणखणीत. मी घड्याळ बघून लिहायला घेतलं, तर घरची माणसं वही धरून बसली."

"का?"

"आज तारीख काय आहे, बाई?"

मला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा हसूच आवरेना. ती मात्र हसत नव्हती.

"आजा म्हणतो, सिस्टर, एक जून लिहू नका. मास्तरनं ठोकून दिल्यागत दिसतं. पोरीची तारीख खरी वाटाया पायजे. दोन लिहा, तीन लिहा, काहीबी लिहा. बाप पण तेच म्हणतो. सगळे हात जोडायला लागलेत." ती थांबली. मागं बाळाचं रडणं ऐकू येत होतं. "काय लिहू, बाई?"

"अगं, ह्यात विचारायचं काय? जी खरी आहे तीच लिही. आणि कुणी काहीही म्हणू दे. तू खोटं लिहू नकोस. तू कधी..."

सत्तावीस वर्षांपूर्वीची एसटी तेव्हा कुठं आली असावी. मी वाक्य पूर्ण केलं.

"तू कधी खोटं बोलली नाहीस, बायडा. त्या दिवशीही नाही."

पलीकडं तिनं कुणाला तरी बाळ आईजवळ द्यायला सांगितलं.

"तारीख मघाशीच लिवली, बाई," ती म्हणाली. तिचं बोलणं एकदम बोरजाईवाडीचं झालं होतं. "तुमच्याकडनं एकदा ऐकायचं हुतं."